पाचव्या पिढीचं गाणं

सर गेले ते भर दुपारी, विभागाच्या जिन्यात. वरच्या मजल्यावरच्या पक्षीघराकडे निघाले होते. अर्ध्या वाटेत कठडा धरून खाली बसले, मागून येणाऱ्या विद्यार्थ्याला म्हणाले, "तू हो पुढे, मी आलोच," आणि आलेच नाहीत.

विद्यापीठानं त्यांचं सगळं मनापासून केलं. ते विद्यापीठ खासगी, एका कारखानदार घराण्यानं उभारलेलं, आणि संशोधनाइतकाच आपल्या नाट्यगृहाचा, संग्रहालयाचा, गायनवृंदाचा त्याला अभिमान. शोकसभेत तो गायनवृंद गायला. त्यात इस्पितळाचे मेंदूचे सर्जन खालच्या पट्टीत गायचे, ग्रंथपाल वरच्या, आणि विज्ञान शाखेच्या डीनबाई मधल्या रांगेत उभ्या असायच्या. ग्रंथालयानं सरांची पुस्तकं दर्शनी कपाटात मांडली. कुलगुरू बोलायला उठले आणि लिहून आणलेला कागद मिटवून सरांच्या आठवणीच सांगत राहिले.

सगळ्यात मागे ताई बसली होती. सरांची शेवटची विद्यार्थिनी. ती तिथे कुणाचीच सख्खी ताई नव्हती, पीएच.डी. लांबत गेली, बरोबरीचे पदव्या घेऊन पांगले, नवी मुलं येत गेली आणि त्यांच्यात हीच थोरली म्हणून सगळे ताई म्हणायला लागले. सरसुद्धा. त्या दिवशी तिला रडू येत नव्हतं. सभा लांबत चालली होती आणि पक्ष्यांचं पाणी बदलायचं राहिलं होतं, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

सरांनी जन्मभर एकच प्रश्न धरून ठेवला होता: पिल्लू गाणं शिकतं कसं? पक्षी म्हणजे मुठीत मावतील एवढ्या मुनिया, नारिंगी चोचीच्या. त्यांच्यात नर गातो, आणि बापाचं ऐकून ऐकून मुलगा ते गाणं उचलतो. बाप ऐकायलाच मिळाला नाही तर? तर ते पिल्लू मोठेपणी गातं, पण घोगरं, तुटक; तेल न घातलेल्या बिजागरीसारखा सूर लांबवत. इथवर सरांना ठाऊक होतं. ताईनं पुढचं विचारलं. अशा पोरक्या नराला पोरं झाली आणि त्यांनी हे घोगरं गाणंच ऐकलं, तर ती काय गातील?

ती पोरं हुबेहूब तसं गात नव्हती. थोडं सुधारून गात होती. त्यांची पोरं आणखी थोडं. लांबलेला सूर आखूड होत होता, सुटे तुकडे एकमेकांजवळ सरकत होते. शिकवणारं कुणी नसताना गाणं आपलं आपणच नीट होत चाललं होतं. चौथी पिढी गायला लागली त्या सकाळी सर पिंजऱ्यासमोर स्टूल घेऊन बसले ते जेवायलाही उठले नाहीत. शेवटी म्हणाले, "ताई, अजून एक पिढी. पाचवीचं ऐकू, मग तू लिहायला बस."

सर गेले तेव्हा पाचव्या पिढीची पिल्लं नुकती घरट्याबाहेर पडली होती. बोबडं बोलायच्या वयातली. दिवसभर चोचीतल्या चोचीत काहीबाही पुटपुटायची. त्या पुटपुटण्याचं गाणं व्हायला आणखी दोनेक महिने लागणार होते.

शोकसभेनंतरच्या आठवड्यात डीनबाईंनी ताईला बोलावून घेतलं. खोलीत कोपऱ्यात झाडं, भिंतीवर गायनवृंदाचे फोटो. बाईंनी स्वतः उठून कॉफी ओतली.

"कशी आहेस? जेवतेस ना वेळेवर?"

"हो मॅडम."

"तुझं लिखाण कुठवर आलंय?"

"चौथ्या पिढीपर्यंतचं झालंय. पाचवी आत्ता…"

"चौथीवर थांबव," बाई हळूच म्हणाल्या. "मी विभागात बोलले आहे. तेवढ्यावर तुझी पीएच.डी. होते. कुणी अडवणार नाही."

ताईला आधी कळेचना. मग बाईंनी नीट समजावून सांगितलं. पक्षी ठेवायचा परवाना सरांच्या नावावर. माणूस गेला की परवाना संपला. वरचा मजलाही सरांच्याच नावावर होता. तो आता नव्यानं येणाऱ्या प्राध्यापकांना दिलेला. त्यांचं काम बॅटऱ्यांवरचं. भिंती पाडायला कंत्राटदारसुद्धा ठरला होता.

"मग परवाना दुसऱ्या कुणाच्या नावावर करा ना मॅडम. दोन महिन्यांचाच प्रश्न आहे."

"कुणाच्या करू? विद्यार्थ्याच्या नावावर देत नाहीत. पक्ष्यांवर काम करणारं विभागात दुसरं कोण उरलंय, तूच सांग."

"आणि पक्षी?"

बाईंनी कप खाली ठेवला. "प्राणी समिती ठरवेल. पक्ष्यांना त्रास होणार नाही अशाच रीतीनं झोपवतात ते. मला विचारशील तर मलाही नको वाटतं गं. पण हा नियम मी केलेला नाही."

त्यानंतर ताईनं जे दारोदार हिंडणं सुरू केलं त्याला तोड नव्हती. पहिल्यांदा गेली खालच्या मजल्यावर माशांवर काम करणाऱ्या प्राध्यापकांकडे. सरांचे जुने मित्र. ते बिचारे तिला पाहूनच कानकोंडे झाले. "अगं, मी पडलो माशांचा माणूस. पक्ष्यांसाठी वेगळं प्रशिक्षण, वेगळी परीक्षा, तपासणी. ते होईस्तोवर तुझे दोन महिने उलटून जातील. शिवाय मी निवृत्तीला टेकलोय, मला कोण देतंय नवा परवाना?" इमारत विभागाच्या साहेबांनी तिला खुर्ची दिली, कंत्राटदाराचं वेळापत्रक दाखवलं आणि म्हणाले, "माझ्या हातात असतं तर तुला अख्खं वर्ष दिलं असतं." दुसऱ्या शहरातल्या विद्यापीठातल्या एक बाई तर पक्षी घ्यायला आनंदानं तयार झाल्या, पण बाहेरून आलेले पक्षी आधी वेगळ्या खोलीत ठेवावे लागत, आणि त्यांची ती खोली पुढच्या सत्राशिवाय मोकळी होणार नव्हती.

कुणी तिला हाकललं नाही. कुणी आवाज चढवला नाही. जो तो आपले हात उलटे करून दाखवी आणि पुढच्या दाराचा पत्ता देई. ताईला एखाद्यानं चिडून नाही म्हटलं असतं तर बरं वाटलं असतं. निदान भांडता तरी आलं असतं.

शेवटी ती विद्यापीठाच्या पशुवैद्यांकडे गेली. सगळे त्यांना नुसतं डॉक्टर म्हणत. उंदीर, मासे, मुनिया, सगळ्यांचे तेच.

"डॉक्टर, मी घरी नेते. सगळे नाही, पाचव्या पिढीचे नर आणि त्यांचे बाप, एवढेच."

"प्रयोगातला प्राणी असा बाहेर देता येत नाही. पाळायला द्यायचा म्हटला तर समितीची मंजुरी लागते."

"मग अर्ज करते."

"अर्ज परवानाधारकानं करायचा असतो."

"परवानाधारक तर गेले."

"तेच ना," डॉक्टर म्हणाले, आणि आपला चष्मा पुसायला लागले.

घरी ताईचा नवरा आणि सासूबाई. नवरा संगीत विभागातले पियानो सुरात लावायचा. विद्यापीठभर त्याला 'सूरवाले' म्हणत. दिवसभर एकेक तार पिळायची, कान लावायचा, पुन्हा पिळायची. घरी आला की त्याला टेबलावर चमचा पडलेलाही सहन व्हायचा नाही. सासूबाईंना कमी ऐकू यायचं, त्यामुळे त्या घरात सगळ्यात मोठ्यानं बोलत.

"पिंजरा गॅलरीत ठेवू की!" त्या म्हणाल्या. "मला काही त्यांच्या किलबिलाटाचा त्रास होणार नाही."

"आई, तुला कसलाच होत नाही," नवरा म्हणाला. मग ताईकडे वळून हलक्या आवाजात, "खरंच सांगतो, चार-पाच तर माझ्या कोटाच्या खिशांतून आणतो मी. कोण बघतंय?"

ताईला क्षणभर हसू आलं. पण ती सगळं आधीच मनात फिरवून बसली होती. प्रत्येक पक्ष्याच्या पायात कडं होतं. एक जरी कमी भरला असता तर पहिलं बोट तिच्याकडे गेलं असतं. तिची पीएच.डी. गेली असती, नवऱ्याची नोकरी गेली असती. आणि समजा निभावलं, तरी खाली रहदारी, शेजारी टीव्ही, घरात सासूबाईंचा आवाज. एवढी वर्षं पक्षीघरात बाहेरचा एक सूर येऊ दिला नव्हता. इथे त्या पिल्लांनी काय उचललं ते कुणी सांगितलं असतं?

"नको," ती म्हणाली. नवऱ्यानंही पुन्हा विषय काढला नाही.

एक आशा मात्र उरली होती, ती कलाभवनात. विद्यापीठ दरसाल एका कलावंताला वर्षभर राहायला बोलवायचं. त्या वर्षी आलेले एक वयस्कर संगीतकार होते. दारावरच्या शिपायापासून कुलगुरूंपर्यंत सगळे त्यांना 'पाहुणे' म्हणत. पाहुण्यांचा सरांवर फार जीव जडला होता. आठवड्यातून दोनदा ते पक्षीघरात येऊन बसत, डोळे मिटून ऐकत, मांडीवर बोटांनी ताल धरत. सर गेल्यावर त्यांनी गायनवृंद आणि पियानो यांच्यासाठी एक रचना करायला घेतली. पाच भाग, पाच पिढ्या. विद्यापीठाच्या वर्धापनदिनी ती सादर व्हायची होती. विद्यापीठाला कल्पना इतकी आवडली की दिव्यांच्या खांबाखांबावर मुनियेचं चित्र लागलं. कॉफीच्या कागदी कपांवरसुद्धा नारिंगी चोच आली.

ताई पाहुण्यांना जाऊन भेटली आणि सगळं कानावर घातलं. ते हादरलेच. "म्हणजे आम्ही इकडे त्यांचं गाणं बसवतोय आणि तिकडे त्यांनाच…? थांब पोरी. कुलगुरूंकडे जेवायला बोलावलंय मला. तिथेच बोलतो."

आणि ते खरोखर बोलले. त्यांनी नंतर ताईला सगळं सांगितलं. कुलगुरूंनी जेवण थांबवून ऐकलं, त्यांच्या पत्नीच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि कुलगुरू म्हणाले, "हे मला कुणी सांगितलंच नाही. मी बघतो."

त्या दोन शब्दांवर ताई आठवडाभर जगली. सकाळी पक्षीघरात गेली की पिल्लांची पुटपुट ऐकायची, ध्वनिमुद्रण करायची, संगणकावर त्याच्या रेघा पाहायची. एक पिल्लू पुढे निघालं होतं. त्याच्या गडबडगुंड्यात अधूनमधून दोन सूर असे जोडून यायचे की ताई श्वास रोखून धरायची. लगेच ते विसकटायचे. अजून वेळ होता.

नवरा तालमीहून आला की बातम्या आणायचा. "आज पहिला भाग झाला. तो घोगरा. सगळे जण घसा खरवडून गातायत, ऐकवत नाही. पण तुमच्या डीनबाई! काय मन लावून गातात. तालीम संपली तरी एकट्याच घोकत बसल्या होत्या."

मग डीनबाईंचा फोन आला.

"कुलगुरूंनी समितीला पत्र लिहिलं होतं," त्या म्हणाल्या. "समितीनं खास बैठक घेतली. सगळ्यांना फार वाईट वाटतंय. पण एकदा अपवाद केला तर उद्या प्रत्येक लॅब मागेल, आणि बाहेरची तपासणी आली तर अख्ख्या विद्यापीठाचे परवाने धोक्यात. इस्पितळाचंसुद्धा संशोधन थांबेल. कुलगुरूंनाही ते पटलं."

ताईनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"अजून एक आहे." बाई अडखळल्या. "पक्ष्यांचं ते वर्धापनदिनानंतर करायचं होतं. आता आधीच करायचं ठरलंय. कार्यक्रम ऐकून लोक पक्षी बघायला मागतील, मग जास्तच अवघड होईल. उद्या सकाळी. तू येऊ नकोस. तुला तो त्रास नको, म्हणून मीच सांगितलंय."

ताई दुसऱ्या दिवशी सकाळी गेलीच. डॉक्टर आणि त्यांचे दोन मदतनीस दाराशी उभे होते. जाळी, पेट्या, गॅसची नळकांडी. डॉक्टरांनी तिला अडवलं नाही.

"जाळीनं पकडणार?" तिनं विचारलं.

"हो. दुसरा उपाय नाही."

"जाळीला घाबरतात ते. आपटून घेतात. मी देते हातानं."

डॉक्टरांनी हातातली जाळी खाली केली. "झेपेल तुला?"

"माझ्या हातांची सवय आहे त्यांना."

दिवे मंद केले. ताई एकेका पिंजऱ्यात हात घालत गेली. पक्षी तिच्या बोटांवर नेहमीसारखे आपण होऊन येत होते, दाणे मिळतील म्हणून. ती मूठ हलकेच मिटायची, पेटीच्या दाराशी उघडायची. आधी म्हातारे नर, बिजागरीसारखे गाणारे. मग त्यांची पोरं, मग पोरांची पोरं. खोलीतला गलका पिंजऱ्यागणिक कमी होत गेला. शेवटी फक्त पाचव्या पिढीचा पिंजरा राहिला, आणि भोवती शांत झालं म्हणून की काय, ते पुढे निघालेलं पिल्लू एकदम गायला लागलं. आखूड, सलग काहीतरी. एकदाच. ते गाणं होतं की नुसती बडबड, ताईला कळलं नाही. ध्वनिमुद्रणाची यंत्रं आदल्या संध्याकाळीच इमारत विभागानं उचलून नेली होती. ती हात पुढे करून थांबली. पिल्लू परत गाईल असं तिला वाटलं. ते गायलं नाही. उडी मारून तिच्या बोटावर येऊन बसलं.

डॉक्टर मागे उभे होते. त्यांनीही घाई केली नाही. पण किती थांबणार?

वर्धापनदिनाला ती जाणार नव्हती. नवऱ्याला जावंच लागणार होतं, पियानो त्याचा. आणि सासूबाई नवी साडी नेसून तयार होऊन बसल्या होत्या. "तुझ्या पाखरांचं गाणं आहे, आणि तूच येणार नाहीस होय?" त्या म्हणाल्या. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. त्यांना ओरडून सांगावं लागलं असतं, आणि ते ओरडून सांगण्यासारखं नव्हतं. ताई उठली, तोंड धुतलं आणि निघाली.

सभागृह खचाखच भरलं होतं. रचना खरोखर सुंदर होती. पहिल्या भागात इतकी माणसं एकदम घोगरी, तुटक गायली तेव्हा सभागृहात अंगावर काटा आला. दुसऱ्या भागात सुरांना सुरांचा आधार मिळायला लागला. तिसरा, चौथा. ताईला प्रत्येक पिढी ओळखू येत होती. पाहुण्यांनी खरंच कान देऊन ऐकलं होतं. आणि मग पाचवा भाग आला. सगळे तुकडे जुळले, गाणं मोकळं झालं, वर चढलं, पियानो त्याच्याबरोबर धावत सुटला. डीनबाई गात होत्या आणि त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं. सासूबाई ताईचा हात धरून म्हणाल्या, "मलासुद्धा ऐकू येतंय गं!"

टाळ्या थांबेनात. लोक उभे राहिले. पाहुण्यांनी वाकून नमस्कार केला आणि कुलगुरूंनी ध्वनिक्षेपकाजवळ येऊन ताईला नाव घेऊन वर बोलावलं. ती पायऱ्या चढून वर गेली. कुलगुरूंनी तिचा हात हातात घेतला. चांगला माणूस होता तो. काय विचारावं हे न सुचून त्यांनी अगदी साधं विचारलं,

"तसंच गातात का हो ते? शेवटी?"

ध्वनिक्षेपक चालू होता.

"माहीत नाही," ताई म्हणाली.

लोक कौतुकानं हसले. त्यांना तो शास्त्रज्ञाचा विनय वाटला असावा. पुन्हा टाळ्या झाल्या.

पुढे ताईनं चौथ्या पिढीवर प्रबंध संपवला. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलंच, पाचव्या पिढीचं काय झालं? ताईनं सांगितलं, माहिती उपलब्ध नाही. ते म्हणाले, हरकत नाही, पुढे कुणीतरी करेल. पदवी मिळाली. सरांच्या नावानं ठेवलेलं पहिलं पारितोषिकही तिलाच मिळालं, आणि ते डीनबाईंच्या हातून घेताना दोघींनाही एकमेकींकडे पाहवलं नाही. वरच्या मजल्यावर बॅटऱ्यांची लॅब उभी राहिली. आता ताई विद्यापीठाच्याच इस्पितळात आहे, कान तपासायच्या विभागात. नुकत्या जन्मलेल्या बाळांना ऐकू येतं की नाही ते पाहते. काम चांगलं आहे, ती मन लावून करते.

पाहुणे वर्ष संपवून निघाले तेव्हा निरोप घ्यायला इस्पितळात तिच्या खोलीत आले. टोपी काढून समोर बसले.

"त्या रचनेची मागणी येतेय," ते म्हणाले. "दोन-तीन ठिकाणचे गायनवृंद बसवणार म्हणतात. पोरी, मला रात्री झोप लागत नाही. तो शेवटचा भाग मी मनानं केला. तो काढून टाकू का?"

ताईनं विचार केला. काढला तर गाणं चौथ्यावर थांबेल. ठेवला तर कधीच न झालेलं गाणं लोक खरं मानतील. कुठलंही बरोबर नव्हतं, आणि कुठल्याहीनं काही फरक पडणार नव्हता.

"राहू द्या," ती म्हणाली. "लोकांना तोच आवडतो."

पाहुण्यांनी मान हलवली. बाहेर एक आई बाळाला घेऊन थांबली होती. ताईनं उठून दार उघडलं आणि तिला आत घेतलं.